ओहोटी किती वाजता?

मे महिना संपत आला की मुंबईच्या वर्तमानपत्रांत एक तक्ता छापून येतो. पावसाळ्यात समुद्राला साडेचार मीटरहून मोठी भरती कोणत्या दिवशी, किती वाजता येणार, पाणी कितपत चढणार, याची यादी. मथळा बहुतेक वेळा ‘साडेचार मीटरच्या लाटा उसळणार’ असाच असतो, आणि टीव्हीवाले मरीन ड्राइव्हच्या कठड्यापाशी जाऊन फुटणाऱ्या लाटा दाखवतात. खरं तर तो आकडा लाटेचा नाहीच. तो भरतीच्या पाण्याच्या पातळीचा आहे. लाटा असल्याच तर त्या त्याच्यावर. पण मथळा देणाऱ्याला लाट लागते. परळ-लालबागकडच्या माणसाला त्या तक्त्यात वेगळंच काहीतरी बघायचं असतं. त्या दिवशी पावसाने झोडपलं, तर ओहोटी किती वाजता लागणार?

पाणी भरलेल्या दिवशी आमच्याकडे हा प्रश्न जिन्यात, गॅलरीत, फोनवर सारखा कानावर येतो. ऑफिसात अडकलेला माणूस घरी फोन करून आधी तो विचारतो, मग जेवणाचं. दुकानातला माल माळ्यावर चढवणारा शेजाऱ्याला विचारतो. बाहेरगावहून आलेल्या पाहुण्याला याचं नवल वाटतं. समुद्र इथून दिसतही नाही, मग रस्त्यावरच्या पाण्याचा आणि त्याचा संबंध काय? संबंध आहे, पण तो जमिनीखालून आहे.

मला तो नीट समजावला आमच्या बिल्डिंगमधल्या तात्यांनी. त्यांची सगळी नोकरी महापालिकेच्या पर्जन्य जलवाहिन्या खात्यात गेली. हे नाव ते स्वतः कधी घ्यायचे नाहीत, ‘एसडब्ल्यूडी’ म्हणायचे. रस्त्याने चालताना आपण दुकानांच्या पाट्या वाचतो, तात्या खाली बघत चालायचे. ‘हे झाकण आपलं नव्हे, मलनिस्सारणवाल्यांचं,’ असं मधेच म्हणायचे आणि पुढे जायचे. मुंबईच्या पोटात दोन वेगळी जाळी आहेत ही गोष्ट मला तेव्हा कळली.

एक जाळं घराघरांतल्या सांडपाण्याचं आणि मैल्याचं. संडास, मोरी, स्वयंपाकघर यांतून निघालेलं पाणी घरगल्लीतल्या पाइपातून रस्त्याखालच्या मलवाहिनीत जातं, तिथून पंपिंग स्टेशनला, तिथून प्रक्रिया केंद्राला. दुसरं जाळं पावसाच्या पाण्याचं. रस्त्याच्या कडेला जाळी बसवलेलं तोंड असतं, खात्यात त्याला ‘वॉटर एन्ट्रन्स’ म्हणतात. तिथून पाणी बाजूच्या गटारात, गटारातून मोठ्या वाहिनीत, वाहिनीतून नाल्यात आणि नाल्याच्या शेवटच्या तोंडातून खाडीत किंवा समुद्रात. या शेवटच्या तोंडाला पातमुख म्हणतात. पावसाच्या पाण्यावर काही प्रक्रिया करायची नसते, ते फक्त शहराबाहेर काढायचं असतं. लंडनच्या जुन्या भागात मैला आणि पाऊस एकाच गटारातून जातो, जोराचा पाऊस झाला की दोन्ही मिळून थेम्समध्ये उतरतं, आणि ते थांबवायला त्यांना अलीकडे नदीखालून प्रचंड बोगदा खणावा लागला. मुंबईत चार महिन्यांत कोसळणारा पाऊस बघता दोन जाळी वेगळी ठेवली हे शहाणपणाचंच झालं. निदान कागदावर तरी ती वेगळी आहेत. त्याबद्दल पुढे बोलू.

गटार म्हटलं की आपल्या मनात भोक येतं. तात्यांच्या मनात ढाळ यायचा. त्यांचं ठरलेलं वाक्य होतं, ‘अरे, भोक काय कुणीही पाडेल. ढाळ कुठून आणणार?’ जमिनीखालच्या वाहिनीत पाणी ढकलणारं कुणी नसतं. वरचं टोक उंच, खालचं टोक नीच, एवढ्या जोरावर ते जातं. आणि मुंबईची अडचण नेमकी इथेच आहे. सात बेटांमधल्या खाड्या, दलदली, खाजणं बुजवून हे शहर सपाट केलं. वरळी आणि महालक्ष्मीच्या मधून समुद्र आत शिरायचा, तो अठराव्या शतकाच्या शेवटाला हॉर्नबी वेलार्डचा बांध घालून अडवला. आत जी जमीन मिळाली ती भरतीच्या पाण्याहून उंच नव्हती. तिच्यावर आधी शेतं, मग गिरण्या, मग चाळी आणि आता काचेचे टॉवर. वर काय बांधलं ते बदलत गेलं, खालची पातळी होती तिथेच राहिली.

शहराची पातमुखं १८६ आहेत. त्यांपैकी ४५ समुद्राच्या सरासरी पातळीच्याही खाली आहेत. १३५ सरासरीच्या वर पण भरतीच्या पातळीच्या खाली. भरतीच्या पाण्याहूनही उंच असलेली उरली अवघी सहा. हे आकडे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा तात्यांच्या ढाळाचा खरा अर्थ कळला. भरती चढली की १८० तोंडांवर समुद्र येऊन उभा राहतो. काही ठिकाणी दरवाजे आहेत, ते पाडले नाहीत तर समुद्रच उलटा आत येईल. पाडले तर आतलं पावसाचं पाणी आतच कोंडतं. जिथे दरवाजे नाहीत तिथे खारं पाणी वाहिनीत घुसून बसतं आणि पावसाच्या पाण्याला जागा उरत नाही. भरती संपून पुरती ओहोटी व्हायला सहा तासांच्या आसपास लागतात. पाऊस तोवर थांबत नाही.

म्हणूनच जुन्या जाळ्याचा हिशेब असा मांडलेला होता: तासाला २५ मिलिमीटर पाऊस, तोही ओहोटीच्या वेळी. आणि पडलेल्यातलं निम्मं पाणी जमिनीत मुरेल हे त्यात गृहीत. ज्यांनी तो हिशेब केला त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. त्यांच्या मुंबईत वाड्या होत्या, नारळीच्या बागा होत्या, तलाव होते, मातीची अंगणं होती. आजच्या हिंदमाता चौकात उभं राहून निम्मं पाणी कुठे मुरणार हे मला कुणीतरी दाखवावं.

२५ मिलिमीटर म्हणजे बोटभर जाडीचं पाणी. ऐकायला किरकोळ वाटतं. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. हिशेब पुढे नेला तर एक चौरस किलोमीटरवर २५ मिलिमीटर म्हणजे अडीच कोटी लिटर. एवढं पाणी एका तासात, रस्त्याकडेच्या जाळ्यांमधून, विटांच्या कमानी असलेल्या शंभर-सव्वाशे वर्षांच्या वाहिन्यांमधून निघून जायला हवं. त्या वाहिन्यांच्या पोटातून मधल्या काळात कुणी पिण्याच्या पाण्याची पाइपलाइन आडवी नेली, कुणी केबल. पाइपाला प्लास्टिकची पिशवी अडकली, पिशवीला चिंधी, चिंधीला माती, असं करत वाहिनी अर्धी होते. वरून काही कळत नाही. कळतं ते पाणी चढल्यावर.

२६ जुलै २००५ बद्दल मुंबईकराला वेगळं सांगायला नको. सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला आणि त्याच दिवशी कुलाब्याला ७३. एकाच शहरात, काही किलोमीटरच्या अंतरावर, एका बाजूला प्रलय आणि दुसऱ्या बाजूला पावसाळ्यातला चारचौघांसारखा दिवस. दक्षिण मुंबईतल्या लोकांना संध्याकाळपर्यंत पत्ता नव्हता की कालिन्यात आणि साकीनाक्याला काय चाललंय. मुंबईत चारशेहून अधिक माणसं गेली. त्यानंतर सरकारने डॉ. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली. चितळे म्हणजे पाण्यात मुरलेला माणूस, स्टॉकहोमचा जलपुरस्कार मिळालेला. पुढच्या वर्षी समितीचा अहवाल आला. पातमुखांचं वर दिलेलं गणित त्यानंतर सर्वसामान्यांच्या वाचनात यायला लागलं.

उपाय मात्र त्याच्याही आधी लिहून झाले होते. ‘ब्रिमस्टोवॅड’ हे भारदस्त नाव म्हणजे बृहन्मुंबईच्या पर्जन्यजल निचऱ्याच्या योजनेच्या इंग्रजी नावाचं लघुरूप. तिचा अहवाल १९९३ चा. तासाला २५ ऐवजी ५० मिलिमीटर धरा, जमिनीत काहीच मुरत नाही असं समजून चाला, नाले रुंद करा, आठ ठिकाणी मोठी पंपिंग स्टेशनं बांधा, असं त्यात होतं. अहवाल बारा वर्षं पडून राहिला म्हणता येणार नाही, थोडंफार काम झालं; पण खरी हालचाल २००५ च्या दणक्यानंतरच. केंद्राने १,२०० कोटी मंजूर केले ते २००७ मध्ये. मग हाजी अली, इर्ला, लव्हग्रोव्ह, क्लीव्हलँड बंदर, ब्रिटानिया, गझदरबंध अशी एकेक स्टेशनं उभी राहिली. उरलेली दोन, मोगरा आणि माहुल, जागा नि परवानग्यांच्या फेऱ्यात वर्षानुवर्षं लटकली. आठातली सहा झाली ही मुंबईत तरी यशोगाथाच म्हणायची.

ही स्टेशनं काय करतात ते बघण्यासारखं आहे. भरती आली की समुद्राकडचा दरवाजा बंद होतो. आतून येणारं पाणी आधी लोखंडी गजांच्या मोठ्या जाळीवर अडतं. तिथे शहर आपला हिशेब आणून टाकतं: थर्माकोलचे ठोकळे, नारळ, चपला, गादीचा कापूस, शीतपेयांच्या बाटल्या, देवाच्या तसबिरी. यंत्राचे दाते तो कचरा सतत वर खेचत असतात, कारण जाळी तुंबली तर पंप उपाशी. मग पंप पाणी उचलून दरवाजापलीकडे समुद्रात टाकतात. एक पंप सेकंदाला ६,००० लिटर पाणी फेकतो. हा आकडा ऐकला की छाती फुगते. पण वरच्या हिशेबाशी जोडून बघा. एका चौरस किलोमीटरवर २५ मिलिमीटर पडलेलं पाणी उपसायला असा एक पंप अखंड चालला तरी ७० मिनिटं हवीत. तेही पाणी पंपापर्यंत पोचलं तर! पंप वरळीच्या टोकाला आणि पाणी मधे कुठेतरी अरुंद वाहिनीत अडलेलं, असं झालं की पंप नुसते घोंघावत राहतात. तात्या पंपांना नावं ठेवायचे नाहीत, पण म्हणायचे, ‘पंप समुद्राला हरवतो, गल्लीला नाही.’

आता हिंदमाता. परळ आणि दादरच्या मधला हा चौक, सिनेमा थिएटरवरून नाव पडलेला. सगळीकडून उतार येऊन मधे बशीसारखा खोलगट. इथलं पाणी पूर्वेला ब्रिटानिया पातमुखापर्यंत जायचं, म्हणजे रे रोडच्या बाजूला, बऱ्याच लांबवर, जवळपास ढाळच नसलेल्या वाटेने. ब्रिटानियाला पंपिंग स्टेशन झालं तेव्हा वाटलं, सुटलो. पाणी ओसरायला लागणारा वेळ कमी झाला हे खरं, पण भरायचं ते भरतच राहिलं. मग महापालिकेने वेगळाच विचार केला. भरतीच्या वेळी पाणी समुद्रात जाऊच शकत नसेल तर त्याला तोवर ठेवायचं कुठे? प्रमोद महाजन उद्यानाखाली आणि झेवियर्स मैदानाखाली टाक्या खणल्या. चौकातलं पाणी पंपाने उचलून या टाक्यांत आणायचं, ओहोटी लागली की सोडायचं. वर मुलं क्रिकेट खेळतात, खाली काही कोटी लिटरची सोय. शिवाय दोन उड्डाणपुलांमधला रस्ताही उंच केला, म्हणजे गाड्या तरी जातील.

मला ही टाक्यांची कल्पना पंपांपेक्षा जास्त आवडते. तिच्यात समुद्राशी झगडा नाही. त्याची वेळ त्याने घ्यावी, आम्ही तोवर पाणी धरून ठेवतो. पूर्वी हेच काम दलदली, खाजणं आणि तलाव फुकट करत होते, आता त्याचं कंत्राट निघतं, एवढाच फरक. पण टाकी भरली की भरली. २०२१ नंतर हिंदमात्याला पाणी पूर्वीइतका वेळ राहत नाही हे मी स्वतः बघतो. जोराच्या पावसात येतं तेव्हा येतंच. उंच केलेल्या रस्त्याच्या दोन्ही अंगांच्या दुकानदारांना मात्र विचारू नका. रस्ता वर गेला, दुकानं होती तिथेच राहिली.

दुसऱ्या जाळ्याकडे, म्हणजे मलवाहिन्यांकडे, तात्या जरा उपऱ्यासारखे बघायचे. पण मला ते जास्त हुशार वाटतं. पावसाची वाहिनी वर्षातले आठ महिने रिकामी, मलवाहिनीला एक दिवस सुट्टी नाही. तिच्यातलं पाणी फार हळू गेलं तर मैला तळाला बसतो आणि लाइन चोक होते. म्हणून सेकंदाला निदान ०.६ मीटर वेग मिळेल असा ढाळ द्यावा लागतो. आपण रमतगमत चालतो त्याहून हळूच. पहाटे तीनला शहर झोपलेलं असताना पाणी अगदी थोडं असतं, सकाळी सातला लोंढा. दोन्ही वेळा वेग कसा राखायचा? शहरातल्या जुन्या विटांच्या मलवाहिन्या अंड्याच्या आकाराच्या आहेत, निमुळतं टोक खाली. पाणी थोडं असलं तरी त्या अरुंद तळात ते खोल राहतं आणि पळतं. एकोणिसाव्या शतकातल्या गवंड्यांनी विटा रचून केलेली ही गोष्ट अजून कामावर आहे.

ढाळ देत देत वाहिनी खोल जाते, फार खोल गेली की पंपिंग स्टेशनमध्ये पाणी वर उचलायचं आणि पुन्हा ढाळावर सोडायचं. असं करत ते वरळी, वांद्रे, वर्सोवा, मालाड, भांडुप, घाटकोपर, कुलाबा या केंद्रांना पोचतं. तिथे काय होतं याबद्दल मुंबईने फार अभिमान बाळगू नये. अनेक वर्षं बऱ्याच केंद्रांत कचरा चाळणं आणि वाळू-रेव काढणं यापलीकडे फारसं काही होत नव्हतं. वरळी आणि वांद्र्याहून समुद्राच्या तळाखालून साडेतीन किलोमीटरच्या आसपास लांबीचे बोगदे नेले आहेत, त्यांतून ते पाणी लांब सोडायचं, पुढचं समुद्र बघून घेईल. आता सात नवी मोठी केंद्रं बांधली जात आहेत, रोज २,४६४ दशलक्ष लिटर पाणी नीट शुद्ध करणारी. भातसा-वैतरण्याचं पाणी डोंगरातून शंभर-शंभर किलोमीटर आणायचं, एकदा वापरायचं आणि समुद्रात सोडायचं, हा श्रीमंती थाट तोवर चालू राहील.

कागदावरची दोन जाळी जमिनीखाली वेगळी राहिलेली नाहीत, असं मी वर सूचित केलं. ज्या वस्त्यांना मलवाहिनी कधी दिलीच नाही, तिथलं सांडपाणी जाणार कुठे? जवळच्या नाल्यात. म्हणजे पावसाच्या जाळ्यात. म्हणून एप्रिलमध्ये, आकाशात ढगाचा ठिपका नसताना, मुंबईतले सगळे नाले काळे वाहतात. मिठीचंही तसंच. विहार आणि पवई तलावांच्या सांडव्यातून निघणारी ही नदी १८ किलोमीटरच्या आत माहीमला पोचते. वाटेत विमानतळाच्या धावपट्टीसाठी तिला वळवलंय, वांद्रे-कुर्ला संकुलासाठी तिचं खाजण भरलंय, काठांवर वस्त्या, भंगारची गोदामं, कारखाने. ती नदी आहे हे कित्येकांना २००५ नंतर कळलं. तोवर सगळे तिला मिठी नालाच म्हणत होते, आणि वापरतही तसंच होते.

नाल्यात मैला, आणि पावसात मलवाहिनीत पावसाचं पाणी. हा दुसरा प्रकार लोक हाताने करतात. गुडघाभर पाणी झालं की गल्लीतली दोन-तीन पोरं पहार घेऊन येतात आणि मॅनहोलचं झाकण सरकवतात. पाण्यात भोवरा दिसायला लागतो, सगळ्यांना बरं वाटतं. मी हे गॅलरीतून किती वेळा पाहिलंय. झाकण दोन माणसांना जड जातं, पहारेच्या टोकावर ते आधी करकरतं, मग एका बाजूने बुडबुडे येतात, मग पाणी एकदम ओढल्यासारखं खाली वळतं. भोकात एक फांदी खोवतात, नाहीतर बांबूला लाल फडका. पाऊस वाढला की फांदी कधी वाहून जाते कुणाला कळत नाही. २९ ऑगस्ट २०१७ ला एल्फिन्स्टन रोडजवळ शहरातले एक नामवंत डॉक्टर घरी चालत निघाले होते. पाण्याखाली उघडं मॅनहोल होतं. दोन दिवसांनी त्यांचा देह वरळीच्या समुद्राजवळ मिळाला. त्यानंतर झाकणाखाली लोखंडी जाळ्या बसवायला सुरुवात झाली, आणि पुढे उच्च न्यायालयाने वारंवार कान उपटल्यावर त्याला वेग आला. शहरात मॅनहोलच लाखाच्या घरात आहेत.

तात्या त्या पोरांवर ओरडायचे. ‘झाकण काढून काय होणार? खाली जागा असेल तर जाईल ना पाणी! जागा नसेल तर उलट घाण वर येईल.’ पोरं ऐकायची नाहीत. भोवरा दिसतो ना, मग पाणी जातंय, हा त्यांचा युक्तिवाद. आणि कधीकधी ते खरंही असायचं, हीच त्यातली पंचाईत.

मॅनहोलमध्ये उतरणाऱ्या माणसांबद्दल तात्या कमी बोलायचे. माणसाला गटारात उतरवून सफाई करून घेण्यावर २०१३ च्या कायद्याने बंदी आहे. सक्शनच्या गाड्या आहेत, जेटिंगच्या आहेत, कॅमेरे सोडतात, सगळं आहे. तरी दरवर्षी कुठे ना कुठे बातमी येते: खासगी सोसायटीची टाकी, ठेकेदाराचे मजूर, पहिला उतरला तो वर आला नाही, त्याला काढायला दुसरा उतरला. आत साचलेला हायड्रोजन सल्फाइड थोडा असला की सडक्या अंड्याचा वास येतो. जास्त झाला की नाकच बधिर होतं आणि वास येईनासा होतो. म्हणजे धोका सगळ्यात जास्त असतो तेव्हा तो कळतच नाही. तात्यांनी मला एवढंच सांगितलं होतं की त्यांच्या तरुणपणी झाकण उघडल्यावर थांबायचं किती, हे वयाने मोठा असलेला कामगार ठरवायचा, आणि तो कुठल्या जातीचा असायचा हे विचारायचीही गरज नसायची. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये अशा मृत्यूंसाठी भरपाई ३० लाखांवर नेली. रक्कम मिळवायला घरच्यांना किती हेलपाटे घालावे लागतात तो वेगळा विषय.

आणि मग नालेसफाई. मे महिन्यात पोकलेन नाल्यात उतरतात, काळा गाळ काठावर काढून ठेवतात. तो दोन दिवस सुकतो, डंपर येतात, पुढारी नाल्याच्या कडेला नाकाला रुमाल लावून फोटो काढून घेतात. विरोधी पक्ष म्हणतो सफाई कागदावर झाली, सत्ताधारी टक्केवारी सांगतात. गाळाच्या गाड्यांच्या वजनात घोळ निघतो, चौकशी लागते. ३१ मेची मुदत दरवर्षी पाळली जाते किंवा पाळली गेल्याचं जाहीर होतं. २०२५ मध्ये मोसमी पाऊसच २६ मेला मुंबईत दाखल झाला, नोंदीत इतक्या लवकर कधी आला नव्हता. मुदतीला पाच दिवस बाकी होते. वरळीच्या नव्याकोऱ्या भुयारी मेट्रो स्टेशनात पाणी शिरल्याची चित्रं त्याच दिवसाची.

नालेसफाईवर टीका करायला मलाही आवडतं. त्यात चोरी आहेच, आणि गाळ काढल्याशिवाय गत्यंतरही नाही. पण मला संशय आहे की हा वाद आपल्या सोयीचा आहे. दोष कंत्राटदाराचा ठरला की काम झालं. खाजणात भराव कुणी टाकला, मिठागरांच्या जमिनीवर घरं बांधायच्या निर्णयाला कुणी टाळ्या दिल्या, प्रत्येक इमारतीचं अंगण सिमेंटचं कुणी केलं, हे प्रश्न विचारायची पाळी येत नाही. हिशेब करणाऱ्यांनी पूर्वी निम्मं पाणी मुरेल असं धरलं होतं. नव्या योजनेत ते शून्य धरावं लागलं. मधलं निम्मं कंत्राटदाराने खाल्लेलं नाही.

आमच्याच सोसायटीचं सांगतो. समोरचा रस्ता काँक्रीटचा झाला आणि फूटभर वर आला. पाणी आमच्या कंपाउंडात यायला लागलं. सोसायटीने कंपाउंड उंच करून पेव्हर ब्लॉक बसवले, खाली पक्का कोबा घालून. पाणी मग शेजारच्या जुन्या चाळीत जायला लागलं. चाळीतल्या तळमजल्याच्या बिऱ्हाडांनी दारात विटांचे उंबरे बांधले, दोन खोल्यांचा पुनर्विकास होणारच आहे म्हणून बाकीचे गप्प. मागच्या अंगणात अजून मातीचा एक पट्टा शिल्लक आहे, बदामाचं झाड असलेला. तात्या होते तेव्हा म्हणायचे, पाऊस किती पडला ते त्या मातीला विचारा, ती सगळ्यात शेवटी भरते.

या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत त्या पट्ट्यावरही ब्लॉक बसवायचा ठराव आला. चार गाड्या जास्त लागतील. मी उठून बोललो. पातमुखं, ढाळ, मुरणारं पाणी, सगळं सांगितलं. सेक्रेटरींनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, ‘भाऊ, तुमचं सगळं बरोबर आहे, पण तेवढ्या मातीत किती पाणी मुरणार?’ मी तिथेच मोबाइलवर हिशेब केला. पट्टा साधारण ६० चौरस मीटरचा. २५ मिलिमीटर पावसात त्याच्यावर १,५०० लिटर पाणी पडतं, म्हणजे गच्चीवरची लहानशी टाकी. सभेत हशा पिकला. तिसऱ्या मजल्यावरच्या काकू मात्र म्हणाल्या की अशा टाक्या परळमध्ये किती असतील ते मोजा ना. ते कुणी मोजलं नाही. ठराव मताला टाकला, आम्ही सातजण विरोधात होतो, पडलो. अंदाजपत्रक मात्र फुगल्यामुळे काम दिवाळीनंतर ढकललंय. तोवर काकू आणि मी मिळून गच्चीचं पाणी त्या पट्ट्यात सोडायचा पाइप टाकून घेणार आहोत. प्लंबरने साडेचार हजार सांगितलेत, चारवर येईल असं वाटतंय.